विद्यार्थीदशा आणि धर्मश्रद्धा : कोल्हापूर ते माउंट हर्मन

ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपली शाळा ही व्याख्यानमाला चालविते, त्यांचे सारे आयुष्य विद्यार्थ्यांच्या सहवासात गेले. विद्यार्थ्याला गणित शिकविता येते, व्याकरण शिकविता येते. परंतु त्याच्या श्रद्धेच्या प्रांतात शिक्षकाने कोठवर पाऊल टाकावे, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकापुढे केव्हातरी उभा राहतोच. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची एक विशिष्ट बाजू मांडावयाची आहे. ती म्हणजे विद्यापीठीय विद्यार्थ्यांमधील ख्रिस्ती सेवाकार्य. हा विषय आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना परका वाटण्याचा संभव आहे. तथापि त्याचा इतिहास पाहू गेल्यास त्याचे धागेदोरे मुंबईत, कोल्हापुरात आणि आपल्या बेळगावातही सापडतात, आणि हे धागे केवळ योगायोगाचे नाहीत.

प्रथम ‘सेवाकार्य’ या शब्दाविषयी दोन शब्द. मराठी ख्रिस्ती समाज हा शब्द बऱ्याच व्यापक अर्थाने वापरतो. उपदेश करणे, आजाऱ्यास भेटणे, प्रार्थनेत सोबत करणे, शुभवर्तमान सांगणे, शिकविणे, या सर्वांस सेवा असेच म्हणतात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही सेवा दोन वाटांनी झालेली दिसते. पहिली वाट वरून खाली येणारी : संस्था, प्राध्यापक, मिशनरी यांजकडून विद्यार्थ्याकडे. दुसरी वाट शेजारून येणारी : एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्या विद्यार्थ्याकडे. आपल्याकडे पहिल्या वाटेचीच चर्चा अधिक झाली, कारण तिच्यातून खटले उद्‌भवले, वर्तमानपत्रे तापली आणि शाळा ओस पडल्या. दुसरी वाट मात्र फारशी कोणाच्या दृष्टीस पडली नाही. माझ्या मते विद्यार्थ्यांतील श्रद्धा जेथे खरोखर मूळ धरून राहिली, तेथे ती बहुधा या दुसऱ्या वाटेने आलेली आहे.

पहिल्या वाटेचे उदाहरण मुंबईचे घ्यावे. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले आणि १८३२ साली त्यांनी इंग्रजी शाळा काढली. तिच्यातूनच पुढे विल्सन कॉलेज उदयास आले. विल्सन मोठे व्यासंगी होते. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही पुढे त्यांनी भूषविले. १८३९ साली त्यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळून उठला. धनजीभाईचा ताबा मिळावा म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मुलगा समजत्या वयाचा आहे असे ठरून त्याला आपल्या मनाप्रमाणे जाण्यास न्यायालयाने मोकळीक दिली. न्यायालयात मिशनचा जय झाला खरा. पण शाळेतून मुले भराभर काढून घेण्यात आली.

पुढे चारच वर्षांनी, १८४३ साली, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागोमाग मिशनरींकडे राहावयास गेला. या वेळी न्यायालयाने मुलगा अल्पवयीन ठरवून त्यास वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे यासाठी ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी कंबर कसली, आणि त्याबद्दल त्यांना सनातन्यांचा रोष सोसावा लागला. आजच्या वाचकाला बाळशास्त्रींची ही भूमिका सहज पटेल. त्या काळी ती फार मोठ्या धैर्याची होती. दोन्ही खटल्यांत धर्म कोणता खरा, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. मुलगा स्वतःचा निर्णय घेण्याइतका जाणता आहे काय, एवढाच प्रश्न होता. आणि हा प्रश्न उत्पन्न होण्याचे कारण असे की, ज्याने त्याला धर्म सांगितला तोच त्याचा शिक्षक होता, त्याच्याच हाती विद्यादान होते आणि त्याच्याच छपराखाली मुलगा राहावयास गेला होता.

असेच एक उदाहरण, परंतु पुष्कळ निराळ्या रंगाचे, आपल्या गावचे आहे. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावात झाला. लंडन मिशनच्या येथील शाळेत त्यांचे प्रारंभीचे इंग्रजी शिक्षण झाले व पुढे ते मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयात गेले. १८५४ साली बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८५७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘यमुनापर्यटन’ मराठी कादंबरीच्या इतिहासात कोठे येते हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. पदमनजींचा प्रवास मिशन शाळेतूनच झाला हे खरे. परंतु तो वर्षानुवर्षे चाललेल्या शंकांमधून, वाचनातून आणि परमहंस सभेसारख्या सुधारकांच्या गुप्त मंडळातील वादांमधून झाला. विद्यार्थीदशेत सुरू झालेली ही घालमेल एखाद्या वर्गात बसून संपणारी नव्हती.

विद्यापीठे स्थापन झाल्यावर मिशनरी शिक्षकांपैकी काही विचारी माणसांना या वाटेची मर्यादा कळून चुकली. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे विल्यम मिलर हे त्यांतले सर्वांत ठळक. बाप्तिस्म्यांची संख्या हे महाविद्यालयाचे माप नव्हे, ख्रिस्ती विचार हिंदू समाजात हळूहळू झिरपावा, एवढेच महाविद्यालयाचे काम, असे ते मानीत. स्वदेशातील मिशनचे पाठीराखे त्यांच्यावर यासाठी नाराज असत. पैसे देणाऱ्यांना आकडे हवे असतात, हा अनुभव काही नवा नव्हे. पुढे बायबलचा तास सक्तीचा असावा की ऐच्छिक, यावर बरीच वर्षे वाद चालला. ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजचे प्रमुख ए. डी. लिंडसे यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९३१ साली भारतातील ख्रिस्ती उच्च शिक्षणावर जो अहवाल दिला, त्याचे मूळही याच अस्वस्थतेत आहे.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. तिच्यासाठी काही काळ अमेरिकेत जावे लागेल.

१८०६ सालच्या ऑगस्ट महिन्यात, मॅसॅच्युसेट्स संस्थानातील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी रानात जमले होते. वादळी पाऊस आला, आणि ते जवळच्या गवताच्या गंजीच्या आडोशाला गेले. सॅम्युएल मिल्स हा त्यांचा म्होरक्या. आशिया खंडात शुभवर्तमान पोहोचविण्याचे काम आपणच का करू नये, अशी चर्चा त्या आडोशाला झाली. त्यांच्या पाठीशी कोणी प्राध्यापक नव्हता, कोणते मंडळ नव्हते, पैसा तर नव्हताच. परंतु चारच वर्षांत, १८१० साली, त्यांच्यापैकी काहींनी व अँडोव्हर येथील त्यांच्या सहाध्यायांनी वडीलधाऱ्या धर्मगुरूंपुढे आपला मनोदय मांडला आणि अमेरिकन बोर्ड ही संस्था जन्मास आली. या संस्थेचे पहिले स्थिर मिशन झाले ते मुंबईत.

गॉर्डन हॉल हा गंजीच्या आडोशाला जमलेल्या पाच जणांत नव्हता. परंतु तो त्याच महाविद्यालयाचा १८०८ सालचा पदवीधर. सॅम्युएल नॉट याच्यासह तो प्रथम कलकत्त्यास उतरला. कंपनी सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. तेव्हा ते तेथून निसटून १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी त्यांना अखेर राहू दिले. हॉल मराठी शिकला, त्याने शाळा काढल्या, भाषांतरे केली आणि १८२६ साली नाशिककडील दौऱ्यावरून परतताना पटकीने तो वारला. या अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत छापखाना घातला, आणि १८४२ साली अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, ‘ज्ञानोदय’ सुरू केला. त्याच छापखान्यात जावजी दादाजी हे लहानपणी अक्षरजुळणीचे व खिळ्यांचे काम शिकले आणि पुढे त्यांनी निर्णयसागर छापखाना उभारला. निर्णयसागरचे पंचांग आणि संस्कृत ग्रंथ ज्यांच्या घरी असत, त्या वैदिक घराण्यांना त्यांच्या सुबक टाइपाचे एक मूळ पाच परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रार्थनेत आहे हे सांगितले असते, तर त्यांना काय वाटले असते कोण जाणे!

याच मिशनचे एक उपदेशक रॉयल गूल्ड वाइल्डर १८४६ साली अहमदनगरास आले व १८५२ साली कोल्हापुरास गेले. हा गृहस्थ शाळांचा मोठा कैवारी. मिशनच्या अमेरिकेतील सूत्रधारांनी शाळांवरील खर्च आवरता घ्यावा असे ठरविले, तेव्हा वाइल्डरांनी त्यांच्याशी उघड वाद मांडला आणि शेवटी बोर्डाशी संबंध तोडून १८६१ पासून ते स्वतःच्या हिमतीवर कोल्हापुरात काम करू लागले. १८७० साली हे काम प्रेसबिटेरियन मंडळाकडे सोपविण्यात आले. याच कोल्हापुरात १८६३ साली त्यांचा मुलगा रॉबर्ट पार्मली वाइल्डर जन्मला. त्याची बहीण ग्रेस त्याच्याहून थोडी मोठी. वडिलांची प्रकृती ढासळल्यामुळे १८७० च्या दशकात कुटुंब अमेरिकेस परतले व प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले. तेव्हा रॉबर्टचे बालपण जवळपास संपत आले होते. ते सारे त्याने पंचगंगेच्या काठी घालविले होते.

प्रिन्स्टनच्या महाविद्यालयात रॉबर्टने १८८३ साली मित्रांसह एक लहानशी मिशनरी संस्था काढली. दर रविवारी दुपारी तिच्या सभा वाइल्डरांच्याच दिवाणखान्यात भरत. ग्रेस माउंट होलिओक या स्त्रियांच्या विद्यालयात शिकत असताना तिने तेथेही अशीच संस्था चालविली होती. बाहेर सभा चाले तेव्हा ही बहीण आतल्या खोलीत प्रार्थना करीत असे, असे सांगतात. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिचे नाव इतिहासात फारसे आले नाही. वडिलांच्या निधनानंतर ती आईसह पुन्हा कोल्हापूर भागात आली आणि खेडोपाडी काम करीत राहिली. माझ्या मते या सर्व हकीकतीतील सर्वांत कमी लेखली गेलेली व्यक्ती तीच.

१८८६ च्या जुलैत मूडी या प्रसिद्ध उपदेशकाने मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांचे जवळजवळ महिनाभराचे शिबिर भरविले. ८९ महाविद्यालयांतून २५१ विद्यार्थी आले होते. शिबिराचा हेतू बायबलचा अभ्यास एवढाच होता. परदेशी मिशनचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता. वाइल्डर नुकताच पदवीधर झाला होता. त्याने फावल्या वेळी, जेवणाच्या पंगतीत, फिरावयास जाताना, एकेकट्याशी बोलण्यास आरंभ केला. एका संध्याकाळी दहा निरनिराळ्या देशांशी संबंध असलेल्या तरुणांनी प्रत्येकी तीन-तीन मिनिटे भाषण करून आपापल्या देशाची गरज सांगितली. पुढचे काही दिवस नदीकाठी, झाडांखाली, खोल्यांतून विद्यार्थी दोघे-तिघे मिळून प्रार्थना करताना दिसत. शिबिर संपता संपता परदेशी सेवेस जाण्याची तयारी दर्शविणाऱ्यांचा आकडा शंभर झाला. त्या शंभरांत कॉर्नेल विद्यापीठाचा जॉन मॉट हा तरुण होता. पुढील वर्षी वाइल्डर व जॉन फोरमन हे दोघे महाविद्यालयामागून महाविद्यालय हिंडले आणि इच्छुकांची संख्या दोन हजारांवर गेली. १८८८ साली या लाटेला विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ असे रीतसर रूप मिळाले. १८९५ साली स्वीडनमधील वाड्स्टेना येथे जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघ स्थापन झाला. त्याचा सूत्रधार मॉट. यालाच १९४६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वयंसेवक चळवळीतून अखेरपर्यंत सुमारे वीस हजार तरुण-तरुणी परदेशी गेल्याचे सामान्यतः मानले जाते.

हे सर्व झाले कशाच्या बळावर? उत्साह हे उत्तर अपुरे आहे. विद्यार्थिसमाजाची एक चमत्कारिक घडण असते, तिचा विचार करावयास हवा. महाविद्यालयात एक पिढी तीन-चार वर्षांची असते. गावात जे परिवर्तन व्हावयास तीस वर्षे लागतील, ते येथे तीन वर्षांत होते आणि पुढच्या तीन वर्षांत पुसलेही जाते. म्हणून या चळवळीने पहिल्यापासून एक युक्ती योजिली : फिरता चिटणीस. नुकतीच पदवी घेतलेला एक तरुण दोन-तीन वर्षे महाविद्यालयातून महाविद्यालयात हिंडे, विझत आलेले मंडळ पुन्हा पेटवी, जुन्यांची आठवण नव्यांना सांगे आणि आपल्या उद्योगास लागे. त्याच्या हाती परीक्षेचे गुण नव्हते की नोकरीची शिफारस नव्हती. ऐकणाऱ्याला तो सहज ‘नाही’ म्हणू शकत असे. विल्सन यांच्या शाळेतील मुलाला हे ‘नाही’ म्हणणे तेवढे सोपे नव्हते. दोन वाटांतील भेद आहे तो येथे.

मंडळाचे अंतरंगही साधे असते. आठवड्यातून एकदा एखाद्या वसतिगृहाच्या खोलीत सात-आठ मुले जमतात. बहुधा मार्काच्या शुभवर्तमानातील एखादा उतारा वाचतात. त्यात काय सांगितले आहे, त्या काळच्या ऐकणाऱ्यांना त्याचा अर्थ काय वाटला असेल, आणि आपणास तो कोठे लागू पडतो, अशा क्रमाने बोलणे चालते. पाळक उपस्थित नसतो. म्होरक्या म्हणजे बहुधा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. अखेरीस प्रार्थना होते. तीत कोणाच्या आईचे दुखणे असते, कोणाची राहिलेली फी असते, कोणाचा गणिताचा पेपर असतो. उन्हाळ्याच्या सुटीत शिबिर. काही वर्षे वसतिगृहाची देखरेख करीत असता मी अशा खोल्यांच्या दारावरून अनेकदा गेलो आहे. आतून येणारा आवाज वादाचाही असे आणि गाण्याचाही.

भारतात या चळवळीचे काय झाले? वाइल्डर १८९० च्या दशकात परत आला आणि कलकत्ता व पुणे येथे त्याने विद्यार्थ्यांत काम केले. पुण्यातील तो काळ फर्ग्युसन कॉलेजच्या उभारणीचा, सुधारक आणि सनातनी यांच्या तुमुल वादांचा आणि पुढे प्लेगचा. उच्चवर्णीय विद्यार्थी अशा वक्त्यांस ऐकावयास येत, कसून प्रश्न विचारीत आणि घरी जात. बाप्तिस्मे अगदी थोडे झाले. मराठी ख्रिस्ती समाज वाढला तो महाविद्यालयांतून नव्हे; तो नगर जिल्ह्यातील व आसपासच्या खेड्यांतील महार-मांग वस्त्यांतून वाढला. माउंट हर्मनच्या शंभर जणांना हे भाकीत कोणी सांगितले असते तर त्यांना ते पटले नसते. सुशिक्षितांना जिंकले म्हणजे देश जिंकला, असा त्यांचाही समज होता.

तथापि चळवळीने भारतीय तरुणांना एक गोष्ट दिली, ती म्हणजे बरोबरीने बोलण्याचे व्यासपीठ. १८९१ साली भारतातील वाय.एम.सी.ए. संघटनांचे राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. या संस्थेत पूर्वी विद्यार्थ्यांचा चिटणीस असलेला वेदनायगम सॅम्युएल अझरिया हा तमिळ तरुण १९०७ साली जागतिक विद्यार्थी संघाच्या टोकियो परिषदेस गेला. तेथे आशियाई ख्रिस्ती विद्यार्थी स्वतःची कामे स्वतः करताना त्याने पाहिले. तीन वर्षांनी एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत त्याने गोऱ्या मिशनरींना स्पष्ट ऐकविले की, तुम्ही आम्हांसाठी स्वार्थत्याग केला, देह झिजविला, हे सारे आम्हांस मान्य. आता आम्हांस तुमची मैत्री हवी आहे. सभेत कित्येकांना हे बोल झोंबले. १९१२ साली अझरिया निजामाच्या राज्यातील दोर्णकल येथे अँग्लिकन मंडळीचा पहिला भारतीय बिशप झाला. त्याच साली स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट ऑफ इंडिया स्थापन झाली. गुरूने शिष्याशी मैत्री करावी ही मागणी विद्यार्थिसंघटनेत घडलेल्या माणसाकडून यावी, यात मला नवल वाटत नाही.

पुढे चळवळ दुभंगली. केंब्रिजच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी १९१० साली मूळ संघटनेशी फारकत घेतली, कारण तिचा बायबलविषयीचा दृष्टिकोन त्यांना ढिला वाटू लागला. उलट अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर भरलेल्या डे मॉइनच्या अधिवेशनात विद्यार्थ्यांनी जुन्या पुढाऱ्यांना विचारले की, युद्ध, वंशभेद आणि कामगारांची दैना यांविषयी तुम्ही का बोलत नाही? हे दोन प्रवाह आजतागायत चालू आहेत. भारतात स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंटच्या वर्तुळात सामाजिक न्यायाचा प्रश्न अग्रभागी राहिला, एम. एम. थॉमस यांच्यासारखे विचारवंत, जे १९९० साली नागालँडचे राज्यपाल झाले, याच विद्यार्थी-चळवळीत वावरले होते. दुसरीकडे १९५४ साली युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया स्थापन झाली. वैयक्तिक श्रद्धा आणि बायबल-वाचन हा तिचा गाभा. कॅथलिक विद्यार्थ्यांची अखिल भारतीय संघटना तर १९२४ सालापासूनची. कोणता प्रवाह अधिक ख्रिस्ती, याचा निवाडा करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. पण वसतिगृहात पाहिलेले एवढे सांगता येईल की, दोन्ही प्रकारची मुले एकाच प्रार्थनेत बसू शकतात, आणि त्यांचे खरे मतभेद प्रार्थना संपल्यानंतर चहाच्या वेळी सुरू होतात.

विद्यार्थिदशेतील श्रद्धा माणसाला कोठे नेईल हे कोणाला सांगता येत नाही. व्हेरियर एल्विन ऑक्सफर्डला असताना तेथील कट्टर बायबलनिष्ठ विद्यार्थिमंडळाचा अध्यक्ष होता. १९२७ साली तो भारतात आला तो पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघाचा सदस्य म्हणून. हा आश्रम जॅक विन्स्लो यांनी १९२२ साली अहमदनगरास सुरू केला होता. तेथे खादी आली, सत्याग्रहाविषयी सहानुभूती आली, गांधीजींशी स्नेह जुळला. मग शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्रासह एल्विन १९३२ साली मंडला जिल्ह्यातील गोंडांत राहावयास गेला. काही वर्षांनी त्याने चर्चशी संबंध सोडला, आणि पुढे भारताचा नागरिक व आदिवासींचा अभ्यासक म्हणून तो ख्यातकीर्त झाला. त्याच्या जुन्या मंडळाच्या दृष्टीने ही हानी. परंतु ज्याने ऑक्सफर्डच्या खोलीत इतरांना शुभवर्तमान सांगितले, त्यानेच पुढे शुभवर्तमान सांगणे थांबवून गोंडांची गाणी ऐकली. या दोन एल्विनांमध्ये दुवा नाही असे म्हणावयास मी तयार नाही. शामरावांविषयी मराठीत आणखी लिहिले जावयास हवे.

आता आजच्या विद्यार्थ्याकडे. नगर किंवा जालना जिल्ह्यातील खेड्यातून एखादा ख्रिस्ती मुलगा पुण्यास वा छत्रपती संभाजीनगरास शिकावयास येतो. गावी त्याची मंडळी, त्याचे ‘उपासना संगीत’, टिळकांची भजने, नाताळची फेरी असे सारे असते. शहरात तो एकटा पडतो. तेथील विद्यार्थिमंडळाची भाषा बहुधा इंग्रजी. त्याचे बायबल मराठी. मोठ्या शहरातील सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्या, केरळी वा ईशान्येकडील मुलांच्या खोलीत तो तोंड उघडावयास कचरतो. खोलीतले इतर सोबती त्याला निराळेच प्रश्न विचारतात. तुमचे आजोबा का बाटले, हा त्यांतला पहिला. दुसरा प्रश्न तो स्वतःलाच विचारतो, आणि तो प्रवेशअर्जावरच्या जातीच्या रकान्याचा असतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातीचा दर्जा मूळ हिंदूंपुरता होता. १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना लागू झाला. ख्रिस्ती झालेल्यांना तो अद्याप नाही. एकाच वस्तीतील, एकाच विहिरीवरून एके काळी हाकलल्या गेलेल्या दोन घरांतील दोन मुले एकाच वर्गात बसतात. एकाला शिष्यवृत्ती मिळते, दुसऱ्यास त्या वर्गवारीतून मिळत नाही. येथे श्रद्धा ही केवळ अंतःकरणाची बाब राहत नाही. ती दर जूनमध्ये अर्जावर लिहावी लागते. काही जण लिहितात, काही लिहीत नाहीत. लिहिणाऱ्यास श्रेष्ठ आणि न लिहिणाऱ्यास भित्रा म्हणणे फार सोपे आहे. ज्याच्या बापाची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याने ते म्हणू नये, आणि आपण तर मुळीच म्हणू नये.

अशा मुलाला आधार कोणाचा? मिशनच्या जुन्या महाविद्यालयांत आता बहुसंख्य विद्यार्थी व शिक्षक ख्रिस्तेतर असतात, आणि ही महाविद्यालये सर्वांचीच झाली आहेत. डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ साली काढलेले अहमदनगर कॉलेज हे याचे उत्तम उदाहरण. तेथून त्याला शिक्षण मिळते. पण श्रद्धेसंबंधीची घालमेल त्याला वर्गात बोलून दाखविता येत नाही, आणि प्राध्यापकांनीही ती तेथे उकरून काढू नये. हे काम त्या सात-आठ जणांच्या खोलीचे. तीत शंका बोलता येते, कारण उत्तर देणाऱ्याचीही परीक्षा पुढच्याच आठवड्यात असते.

राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाने हीच रेषा आखली आहे. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या पैशातून साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणासही, त्याच्या संमतीवाचून, धार्मिक शिक्षण घेण्यास वा उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. १८३९ आणि १८४३ सालच्या मुंबईतील न्यायाधीशांपुढे वयाचा जो प्रश्न होता, तोच येथे कायद्याच्या भाषेत उतरला आहे. मिशन शाळेतील बायबलचा तास असो, की अन्य धर्मीयांच्या शाळेतील सक्तीची प्रार्थना असो, नियम एकच. त्यामुळे आपल्या शाळेसारख्या शाळांनीही, सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी रांगेत मुकाट्याने उभा राहणारा एखादा मुलगा ओठ का हलवीत नाही, असे त्याला विचारण्यापूर्वी क्षणभर थांबावे, हे उचित होईल.